उडी मारून बसणे म्हणजे वेग नव्हे

जळगावात मेहरूण तलावाचा काठ पहाटे चालणाऱ्यांचा आणि पळणाऱ्यांचा असतो, आणि आता त्यात सायकलवालेही आहेत. त्यांतल्या कोणी ट्रायथलॉनचा विचार बोलून दाखवला, की एक ठरावीक सल्ला त्याच्या पुढ्यात येऊन पडतो. तो सल्ला असा : साधी पायडले आजच काढून टाक आणि क्लीटची बसव. घ्यायचीच तर शर्यतीच्या सायकलची, तीन बोल्टांच्या क्लीटची घे. दोन बोल्टांची ती डोंगरात फिरणाऱ्यांसाठी. बूट पायांत घालूच नको, ते आधीच पायडलांना अडकवून ठेव आणि रबराने आडवे बांधून टाक. पोहून आलास की अनवाणी पळत सुट आणि पळता पळता उडी मारून सीटवर बस. मिनिटे वाचतात. पाय वर ओढता येतो, त्यामुळे ताकदही वाढते. सुरुवातीला दोन-चारदा पडशील, पण पडल्याशिवाय कोणाला काय आले? हा सल्ला आपुलकीने दिला जातो, यात शंका नाही. पण त्यातले जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचे आहे, आणि त्याची किंमत नवशिक्याला मनगटाने, गुडघ्याने आणि खिशाने मोजावी लागते. पोहण्यातून सायकलवर आणि सायकलवरून पळण्यावर जाताना वेळ वाचवायचा असेल, तर पायडल निवडायची कसोटी वेगळीच आहे. ती कसोटी पाण्याच्या काठापासून सायकलने खरा वेग पकडेपर्यंतच्या अंतरावर लावायची असते.

आधी ही वस्तू काय आहे ते नीट पाहू, कारण घोटाळा नावापासूनच सुरू होतो. हिला इंग्रजीत ‘क्लिपलेस’ म्हणतात, म्हणजे क्लिप नसलेले पायडल, आणि प्रत्यक्षात बूट तर त्यात अडकतो. ही ‘क्लिप’ म्हणजे जुन्या शर्यतीच्या सायकलींवर पायाच्या बोटांपुढे असणारा पिंजरा आणि त्याचा चामडी पट्टा. तो गेला म्हणून हे नाव पडले. बुटाच्या तळाला क्लीट बसवायची आणि ती पायडलातल्या स्प्रिंगमध्ये दाबून अडकवायची, ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत चार्ल्स हॅन्सनने असे पेटंट १८९५ मध्येच घेतले होते. तिला खरे बळ मिळाले ते फ्रान्समध्ये. बर्फावर घसरण्याच्या पट्ट्यांना बूट अडकवणारे खटके बनवणाऱ्या ‘लूक’ या कंपनीने १९८४ मध्ये तेच तंत्र सायकलवर आणले, आणि १९८५ मध्ये बर्नार्ड हिनॉने त्या पायडलांवर टूर द फ्रान्स जिंकली. पुढे १९९० मध्ये शिमानो या कंपनीने एसपीडी हे पायडल आणले. त्यात क्लीट लहान, धातूची, दोन बोल्टांची आणि बुटाच्या तळव्यात खोल बसवलेली असते. त्यामुळे बूट घालून चालता येते. आज बाजारात जे दिसते ते बहुतेक या दोन घराण्यांतले आहे. पहिल्यातले पायडल रुंद, एकाच बाजूने अडकणारे, आणि त्याची प्लास्टिकची मोठी क्लीट तळव्याबाहेर येणारी. दुसऱ्यातले लहान, सहसा दोन्ही बाजूंनी अडकणारे. यांपैकी पहिले घराणे सतत सायकलवर राहणाऱ्यासाठी घडले, दुसरे चढणाऱ्या-उतरणाऱ्यासाठी. ट्रायथलॉनमध्ये माणूस काय करतो? पाण्यातून येऊन चढतो आणि पळण्यासाठी उतरतो. मग त्याने पहिलेच घेतले पाहिजे, हा हट्ट कशासाठी?

हट्टाच्या मुळाशी पहिला दावा असतो तो ताकदीचा. पाय अडकला की वर ओढता येतो, वर ओढले की चाकाला जास्त जोर मिळतो, असे सांगितले जाते. ऐकायला पटते, पण मोजायला गेले की टिकत नाही. कोर्फ आणि सहकाऱ्यांचा २००७ चा अभ्यास आहे. त्यात सायकलपटूंना मुद्दाम पाय वर ओढायला लावले. जोराची दिशा सुधारली खरी, पण शरीराची कार्यक्षमता घटली. म्हणजे तेवढ्याच कामासाठी प्राणवायू जास्त खर्ची पडला. कोलोरॅडो विद्यापीठातल्या स्ट्रॉ आणि क्रॅम यांनी २०१६ मध्ये पळायच्या बुटांसह साधे पायडल आणि सायकलच्या बुटांसह क्लीटचे पायडल यांची तुलना केली, आणि मध्यम जोर लावताना शरीराच्या खर्चात फरक आढळला नाही. पूर्ण जोराच्या छोट्या धडकेत क्लीटच्या बुटांचा फायदा होतो, हे नंतरच्या मोजणीतून दिसले आहे, आणि ते मान्य करायला काहीच हरकत नाही. पण ९० किलोमीटर सायकल चालवून पुढे २१ किलोमीटर पळायचे असलेला माणूस अशी धडक कुठे मारतो? ज्याला मध्यम जोरावर तीन-साडेतीन तास काढायचे आहेत आणि नंतरच्या पळण्यासाठी मांड्या राखायच्या आहेत, त्याला वर ओढायला शिकवणे म्हणजे त्याच्या पळण्यातली शिदोरी सायकलवरच संपवणे होय. क्लीटचा खरा उपयोग दुसराच आहे. पाय जागेवर राहतो, खड्ड्यात सायकल आदळली तरी पायडलावरून घसरत नाही, आणि दर वेळी तळव्याचा तोच भाग आसावर येतो. हा उपयोग मोलाचा आहे. पण तो दोन बोल्टांची क्लीटही तेवढाच देते.

दुसरा आणि मुख्य दावा वेळेचा, आणि सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे. निकालाच्या कागदावर पोहण्याची वेळ, पहिल्या बदलाची वेळ म्हणजे टी-१, सायकलची वेळ, दुसऱ्या बदलाची टी-२ आणि पळण्याची वेळ, असे पाच आकडे असतात. बूट पायडलांवर ठेवून अनवाणी पळणाऱ्याचा टी-१ लहान दिसतो, कारण बूट घालण्याचे काम त्याने अजून केलेलेच नसते. ते काम तो सायकलच्या वेळेत करतो : आधी बुटांवर पाय टेकवून पायडल मारायचे, मग एका हाताने हँडल धरून वाकायचे, एक पाय सरकवायचा, पट्टा ओढायचा, पुन्हा चार पायडल मारून दुसरा पाय. हिशेब करून पाहा. ताशी २५ किलोमीटरने जाऊ शकणारा माणूस या खटपटीत ५०० मीटर ताशी १५ ने गेला, तर त्या अंतराला ७२ सेकंदांऐवजी १२० सेकंद लागतात. गेले ४८ सेकंद. पट्ट्याचे बूट उभ्याने किंवा बसून घालायला सरावलेल्या माणसाला याच्या निम्मेही लागत नाहीत. आता बूट घालून पळण्याचा खर्च धरू. सायकल ठेवण्याच्या जागेपासून चढण्याच्या रेषेपर्यंत २०० मीटर आहेत असे समजा. अनवाणी ताशी १२ किलोमीटरने पळाल्यास ६० सेकंद, खोल क्लीटच्या बुटांत ताशी १० ने ७२ सेकंद, बाहेर आलेल्या प्लास्टिकच्या क्लीटवर घसरत ताशी ८ ने ९० सेकंद. म्हणजे दोन बोल्टांच्या बुटांत पळण्याचा सगळा तोटा १२ सेकंदांचा, आणि तो रस्त्यावरच्या त्या खटपटीत केव्हाच भरून निघतो. वेळ कुठे नोंदवली गेली हे पाहायचे, की ती गेली हे पाहायचे? अंतिम रेषेवरचे घड्याळ पाचही आकड्यांची बेरीज करते. टी-१ चा आकडा लहान करून सायकलचा मोठा करणे ही बचत नव्हे. एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात ठेवून श्रीमंत झाल्याचे समाधान आहे.

यावर ठरलेला प्रतिप्रश्न येतो : मग ऑलिंपिकमधले खेळाडू तसे का करतात? ते करतात, आणि त्यांच्यासाठी ते बरोबरच आहे. २००० मध्ये सिडनीत ट्रायथलॉन ऑलिंपिकमध्ये आले तेव्हापासून त्या शर्यतीत एकमेकांच्या मागे चिकटून सायकल चालवायला परवानगी आहे. तिथे दीड किलोमीटर पोहून आलेल्यांचे घोळके बनतात. पाच सेकंदांनी घोळका सुटला तर पुढचे ४० किलोमीटर एकट्याने वारा कापावा लागतो, आणि पाच सेकंदांची दोन मिनिटे होतात. तिथे उडी मारून बसण्याला अर्थ आहे. पण आपल्याकडचे हौशी खेळाडू ज्यांत उतरतात, त्या २०१९ पासून गोव्यात होणाऱ्या आयर्नमॅन ७०.३ सारख्या शर्यतींत दुसऱ्याच्या मागे चिकटण्यालाच बंदी असते. पुढच्या सायकलपासून ठरवून दिलेले अंतर राखावे लागते. तिथे सुटलेले पाच सेकंद पाचच राहतात. वारा सगळ्यांनाच एकट्याने कापायचा आहे. शिवाय ऑलिंपिकचा खेळाडू ती उडी हजारो वेळा मारून आलेला असतो. त्याचे कौशल्य बाजूला ठेवून केवळ त्याची वस्तू उचलायची, हे कोणते शिकणे? मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये ज्युरिकची पूर्ण आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत पार केली, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने त्यांचे कौतुक केले आणि ते योग्यच होते. त्या लांबीच्या शर्यतीत माणूस पार होतो तो पोटात टिकलेल्या अन्नामुळे, आवरलेल्या वेगामुळे आणि न दुखलेल्या गुडघ्यांमुळे. सीटवर बसण्याच्या पद्धतीने तिथे कोणाचाही दिवस घडत नाही. चुकली तर बिघडतो मात्र नक्की.

आता आपल्या मातीकडे या, कारण पायडल शेवटी इथेच वापरायचे आहे. मेहरूणची बोरे प्रसिद्ध आहेत, आणि जिथे बोर तिथे काटा. बोरी-बाभळीच्या काट्यांनी टायरांची काय गत होते हे खानदेशातल्या प्रत्येक सायकलवाल्याला ठाऊक आहे. त्या रस्त्यावर अनवाणी पळत सुटण्याचा सराव कोणी करावा? उन्हाळ्यात जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो तेव्हा डांबरावर उघडा पाय ठेववत नाही. समुद्राकाठच्या शर्यतीत अनवाणी पळालात तर ओल्या पायाला वाळू चिकटते, ती बुटात जाते, आणि पुढे २१ किलोमीटर पळताना तिचे फोड होतात. सायकल ठेवायच्या जागीच पाय पुसून, मोजे चढवून बूट घालणाऱ्याला हा त्रास नाही. आणि पावसाळ्यात तर आपली काळी कपाशीची जमीन आहेच. ती ओली झाली की बुटाच्या तळाला लोण्यासारखी चिकटते आणि वाळली की सिमेंटासारखी होते. तीन बोल्टांच्या रुंद क्लीटवर तिचा थर बसला की ती पायडलात बसतच नाही; काडी शोधून खरवडत बसावे लागते. एसपीडी घडलेच चिखलासाठी. लहान क्लीट, उघडी चौकट, दाबले की चिखल बाजूला सरतो. खडीवर चार पावले चाललात की प्लास्टिकच्या क्लीटच्या कडा झिजतात. पोलादी क्लीटला ती खडी काही करत नाही. तलावाकाठची कच्ची वाट, गावाबाहेरचा अर्धवट रस्ता, शर्यतीच्या ठिकाणी गवतावर केलेली सायकली ठेवायची जागा, यांपैकी एकही जागा रुंद प्लास्टिकच्या क्लीटसाठी नाही.

‘पडल्याशिवाय येत नाही’ या वाक्याचा तर स्वतंत्र समाचार घेतला पाहिजे, कारण ते बेजबाबदार आहे. क्लीटच्या पायडलावरून माणूस वेगात असताना क्वचितच पडतो. तो पडतो सायकल थांबताना. पाय निघत नाही, सायकल एका अंगाला कलते, आणि माणूस नकळत हात टेकवतो. असा टेकवलेला हात मनगटाचे हाड मोडू शकतो, आणि खांद्यावर पडलात तर गळपट्टीचे. पन्नाशीत व्यायामाला लागलेल्या माणसाला हे शिक्षण म्हणून खपवायचे? केळीचे ट्रक, कापसाच्या ट्रॉल्या, अचानक आडवी आलेली म्हैस, यांनी भरलेल्या रस्त्यावर पाय क्षणात जमिनीवर येणे हा चैनीचा प्रश्न नाही. ज्या पायडलाच्या स्प्रिंगचा ताण अगदी सैल करता येतो, आणि ज्यात टाच बाहेर वळवली किंवा पाय तिरपा उचलला तरी सुटणारी क्लीट मिळते, ते पायडल पडण्याची गरजच कमी करते. शिमानोची एसएच-५६ ही क्लीट नेमकी याचसाठी आहे. नेहमीची एसएच-५१ फक्त टाच बाजूला वळवल्यावर सुटते. दुकानात हा फरक विचारून घेणारे थोडे, आणि तो न विचारल्यामुळे पडणारे फार.

राहिले आक्षेप. लहान पायडलावर तळवा एका ठिकाणी जळजळतो, असे म्हणतात. तो दोष पातळ, लवचीक तळव्याच्या बुटाचा असतो; तळवा ताठ असेल तर जोर सगळ्या पायावर पसरतो, आणि क्लीटभोवती चौकट असलेली दोन बोल्टांची पायडलेही मिळतात. वजन जास्त, असे म्हणतात. जोडीमागे दीड-दोनशे ग्रॅमचा फरक धरला तरी माणूस, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून ८५ किलोंच्या पुढे जाणाऱ्या ओझ्यात तो हजारात दोनाइतका आहे, आणि तापीकाठच्या सपाट रस्त्यावर तर तो कळणारही नाही. एका बाजूचे पायडल मागून जड असते आणि त्याचे तोंड आपोआप वर राहते, असे म्हणतात. राहते खरे, पण ते लटकून स्थिर होईपर्यंत. चढताना हललेल्या सायकलवर ते गोल फिरत असते आणि माणूस खाली पाहत पायाने ते उलटवत असतो. त्या वेळी त्याचे डोळे रस्त्यावर नसतात, आणि त्याच रेषेवर त्याच्या आजूबाजूला पंचवीस जण चढत असतात. दोन्ही बाजूंनी अडकणारे पायडल पाहावेच लागत नाही. रुंद क्लीट आणि दोन्ही बाजूंची सोय एकत्र हवी असेल, तर चार बोल्टांचे स्पीडप्ले आहे. पण त्याच्या क्लीटमध्ये माती गेली तर ती साफ ठेवावी लागते, म्हणून आपल्याकडे त्याची शिफारस जपूनच करावी.

आणि ज्याची पहिलीच शर्यत आहे, ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर पळणे एवढीच आहे, त्याने साधी पायडले आणि पळायचे बूट घालून खुशाल उतरावे. तो टी-२ मध्ये बूट बदलत नाही. सायकल ठेवायची, हेल्मेट काढायचे, पळत सुटायचे. या अंतराला याहून सोपा बदल कोणत्याही महागड्या पायडलाने मिळत नाही. साध्या पायडलावर आलेल्या माणसाकडे पाहून ‘हा अजून तयार नाही’ असे ठरवणाऱ्यांनी स्वतःला विचारावे, तयारी पायात असते की पायाखाली? अंतर वाढले, रस्त्यावरचे तास वाढले, म्हणजे पाय जागेवर ठेवणाऱ्या क्लीटची गरज खरोखर भासू लागते. तेव्हा ती घ्यावी, आणि घ्यावी ती दोन बोल्टांची, दोन्ही बाजूंची, सैल ताणाची. क्लीट पायाच्या चवड्याखाली किंवा किंचित मागे बसवावी, म्हणजे पोटरीवर आणि टाचेच्या शिरेवर भार कमी येतो. पाय आपोआप जसा वळतो तसाच तो वळू द्यावा; सरळ दिसावा म्हणून जबरदस्तीने बसवलेली क्लीट गुडघ्यात दुखणे पेरते. बदलताना एवढे ध्यानात ठेवावे, की डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. ते नेहमीच्या दिशेने आवळत बसले तर क्रँकचे आटेच जातात.

म्हणून पुन्हा सांगतो, आणि जराही सूट न देता सांगतो. ट्रायथलॉनमधला बदल जलद होतो तो माणूस गोंधळत नाही म्हणून. नियमांतच त्याचा क्रम ठरलेला आहे : हेल्मेट डोक्यावर, त्याचा पट्टा बंद, मगच सायकलला हात, रेषा ओलांडायची, मगच चढायचे, उतरायची रेषा येण्याआधी उतरायचे, सायकल जागेवर लागली की मगच हेल्मेट काढायचे. या क्रमात तुमचे पायडल ज्या क्षणी तुमचे लक्ष मागते, त्या क्षणी ते चुकीचे आहे, मग ते कोणत्याही विजेत्याच्या सायकलवर असो. जे पायडल न पाहता सापडते आणि न विचार करता सुटते, ते बरोबर. हे दुकानात कळत नाही. मेहरूणच्या काठावर वर्दळ नसलेली पहाटेची जागा निवडा, खडूने एक रेषा ओढा आणि पन्नास वेळा चढा, पन्नास वेळा उतरा : बूट घालून, हेल्मेट लावून, नजर समोर ठेवून. पन्नासाव्या वेळी ज्याची आठवणही होणार नाही, तेच पायडल घ्या.